गिरजाबाईंची इर्जिक

गेल्या हिवाळ्यात आमच्या कॉलेजातून दोन गट सेवासहलीला गेले, एक नेपाळला आणि एक आदिलाबादला. कोण कुठे जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरलं. नेपाळवाल्यांनी त्याच संध्याकाळी पासपोर्ट, लोकरी टोप्या आणि बर्फातले फोटो यांवर चर्चा सुरू केली. माझ्या चिठ्ठीत आदिलाबाद निघालं. घरी येऊन सांगितलं तर वडील म्हणाले, "तेलंगणा ना? मग परदेशच की तो. पाट्यासुद्धा वाचता यायच्या नाहीत तुला." आणि ते हळदीला पाणी द्यायला निघून गेले. आम्ही वाईजवळचे. हळद, ऊस आणि बोलणं ही आमची तीन मुख्य पिकं.

मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या गटात सहा जण आणि एक सर. सरांची पाठ धरलेली असल्यामुळे ते बहुतेक वेळ आडवे राहून मार्गदर्शन करत. गटप्रमुख ओंकार. त्याला कुणी नेमलं नव्हतं, पण तो गणितात पहिला असल्यामुळे आपण सगळ्यातच पहिले आहोत असं त्याला वाटतं. मला स्वतःबद्दल साधारण तसंच वाटत असल्यामुळे आमचं बरं जमतं.

नेरडीगोंड्याचा फाटा

गाड्या बदलत आदिलाबादला पोचलो आणि तिथून हायवेने नेरडीगोंड्याला उतरलो. पाट्यांवर सगळी गोल गोल अक्षरं. ओंकारने कंडक्टरशी अख्खा रस्ता हिंदीत बोलून घेतलं आणि उतरताना कंडक्टर मराठीत म्हणाला, "सामान राह्यलं का पाहा बरं." तिथून पुढे आमचं परदेशाचं भूत उतरलं.

फाट्यावरच्या टपरीत चहा घेतला. छोटा ग्लास, साखर मात्र आमच्याकडच्या दुप्पट. चहावाल्याने विचारलं, "कुठून आले बापा?"

"साताऱ्याहून. इथल्या शाळेला मदत करायला," मी म्हणाले.

"अस्सं. मंग येचनीच्या दिवसात काऊन आले? पोरं तं कापसात हायेत."

आम्ही हसलो. तो हसला नाही. त्याने ग्लास विसळले आणि आमच्यासाठी ऑटो बोलावला.

ऑटोतून गाव दिसेपर्यंत दोन्ही बाजूंना कापूस होता. काळ्या जमिनीत कमरेएवढी झाडं आणि त्यांच्यावर फुटलेली बोंडं, इतकी की उन्हात डोळे मिटावेत. मधेच एखादा ज्वारीचा तुकडा आणि पलीकडे सागाच्या जंगलाचे डोंगर. मी शेतकऱ्याची मुलगी असून कापूस आजवर औषधाच्या दुकानात निळ्या कागदात गुंडाळलेलाच पाहिला होता. गावाचं खरं नाव मी इथे लिहीत नाही, वडगाव म्हणते.

शाळा

वडगावची शाळा सातवीपर्यंत, मराठी माध्यमाची. भिंतीवर शाळेचं नाव तीन लिप्यांत. मुलं प्रार्थना मराठीत म्हणतात, कबड्डीत भांडतात तेलुगूत, आणि हजेरीला इंग्रजीत "प्रेझेंट टीचर" म्हणतात. या सगळ्यात त्यांचा कुठेच गोंधळ होत नाही. दुपारच्या जेवणात भात, सांबार आणि अंडं. आमच्याकडच्या शाळेत खिचडीचे दिवस काढलेल्या माझ्यासारखीला अंड्याचा फार हेवा वाटला. जेवण मात्र लिंबाखाली मातीत बसून, आणि शेळ्यांशी झटापट करत. तिथे मुलांना बसायला एक आडोसा बांधून द्यायचा, हे आमचं मुख्य काम होतं.

वाघमारे मॅडम या शाळेच्या सातवीच्या शिक्षिका. त्यांची आई याच शिवारात दुसऱ्यांच्या शेतात राबायची, आणि मॅडम आता या शाळेत शिकवतात. ही गोष्ट त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितली, पण हजेरी घेताना सांगावी इतक्या सहज. ओंकारने त्यांना आमचा कार्यक्रम वाचून दाखवला: विज्ञानाचे प्रयोग, भिंतींना रंग, आडोसा, समारोपाला नाटिका. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं.

"समदं करा," त्या म्हणाल्या. "पन मले इचारान तं माहं एकच काम हाय. अर्चना."

अर्चना सातवीतली. आठवीपासून निवासी शाळेत जागा मिळावी म्हणून मॅडमनी तिचा फॉर्म भरला होता. परीक्षा पुढच्या रविवारी, उटनूरला. जागा मिळाली तर राहणं, जेवण, शिक्षण, सगळं पुढे बारावीपर्यंत लागलं. नाही मिळाली तर सातवीनंतरची शाळा लांब, रस्ता जंगलातून, आणि वडगावच्या मुली सातवीनंतर जे करतात तेच तिनेही करायचं, म्हणजे कापूस वेचायचा. पोरगी हुशार होती. फक्त वेचणी सुरू झाल्यापासून ती शाळेत आलीच नव्हती. वडील मंचेरियलकडे कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर, महिन्याकाठी घरी येणार. शेतात ती आणि तिची आई गिरजाबाई, दोघीच.

"आईचा विरोध आहे का?" मी विचारलं.

"नाई व. ते म्हनते, कापूस घरात आला का धाडतो. पन आभाळ येऊन राह्यलं. पानी पडलं तं फुटलेला कापूस मातीत जाते. मजूर भेटत नाई, ज्याचा त्याचा कापूस उभा हाय. एकटीनं थे कवा येचावं?"

ओंकारने माझ्याकडे पाहिलं, मी ओंकारकडे. सहा धडधाकट माणसं आम्ही, दुसरं काम काय होतं? प्रश्न सुटल्यासारखाच होता. आम्ही मॅडमना सांगितलंही नाही. अचानक आनंद द्यायचा ठरवलं.

दवातला कापूस

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही गिरजाबाईंच्या शेतात. कुणाचं शेत कुठलं हे एका शेळीवाल्याने दाखवलं. कमरेला ओढण्या, टॉवेल बांधून झोळ्या केल्या आणि लागलो कामाला. बोंडाची वाळलेली टोकं बोटांना टोचत होती, पण आमचा उत्साह दांडगा. मी तर मनातल्या मनात समारोपाच्या भाषणात हा प्रसंग बसवूनही टाकला.

ऊन वर आलं तशी बांधावरून दोघी आल्या. पुढे गिरजाबाई, उंच, सडसडीत, नऊवारीचा काचा मारलेला, डोक्यावर पाण्याची कळशी. मागे एक पोरगी, दोन वेण्या, अंगात वडिलांचा जुना शर्ट. ही अर्चना. गिरजाबाई थांबल्या. त्यांनी आम्हाला एकेक करून पाहिलं, कळशी खाली ठेवली.

"कोनं बलावलं तुमाले?"

"कुणी नाही मावशी," मी पुढे झाले. "आम्ही शाळेत आलोय ना साताऱ्याहून, ते. तुमचा कापूस वेचून देतो. मजुरी नको, जेवण नको, आम्हाला काहीच नको. सेवा म्हणून करतोय."

हे वाक्य मी फार मनापासून बोलले होते. गिरजाबाईंचा चेहरा दगडासारखा झाला.

"फुकट?"

"हो, अगदी फुकट."

त्यांनी माझ्या झोळीत हात घातला, मूठभर कापूस काढला आणि पिळला. बोटं ओली झाली. "दव दिसत नाई काय तुमाले? असा वला कापूस घरात घेतला का पिवळा पडते." मग कमरेची झोळी सोडून बांधावर पसरली. "टाका इथं समदा. वाळवतो मी." आम्ही एकेक झोळी रिकामी केली. परीक्षेत कॉपी सापडल्यावर जसं उभं राहतात तसे सहा जण बांधावर उभे.

"सेवा देवाची करा बाई," त्या मला म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "माहे हातपाय शाबूत हायेत."

अर्चना आईच्या मागून आमच्याकडे बघत होती. तिला हसू येत होतं की वाईट वाटत होतं ते कळलं नाही. मला मात्र रडू येत होतं, आणि ते मी शाळेपर्यंत दाबून धरलं.

चहावरची शिकवणी

मॅडम आधी खूप हसल्या. मग चहा टाकला आणि आम्हाला समोर बसवलं.

"इथं मानूस कोनाचं फुकट घेत नाई आन कोनाले फुकट देत नाई. इर्जिक करते. पेरनी असो, येचनी असो. ज्याचं शेत थो बलावते, घरी येऊन, नाव घेऊन. जेवाले घालते. आन ज्यानं त्याच्या शेतात हात लावला त्याच्या बलावन्याले मंग जाते. न बलावता कोनी जात नाई. आन ज्याची फेड करता येत नाई त्याले कोनी बलावत नाई. तुमी आज येचून देसान आन गाडीत बसून जासान. तिनं फेड कुठं कराची? जल्मभर डोक्यावर घेऊन फिराची काय?"

हे ऐकताना मला आमचं घर आठवलं. आमच्याकडे याला पैरा म्हणायचे. हळद काढायला, उसाच्या लागणीला एकमेकांकडे माणसं जायची. माझ्या लहानपणी मी शेवटचा पैरा पाहिला, नंतर मजुरांच्या टोळ्या आल्या, ट्रॅक्टर आले, आणि आता कुणाकडे काम केलं तर संध्याकाळी हिशोब होतो आणि विषय संपतो. इथे विषय संपत नव्हता. मला ते एकदम आवडलं, आणि अडचण होती तीही नेमकी तीच.

तेवढ्यात बाहेर धप्पकन आवाज झाला. आमच्या आडोशाचा सांगाडा आदल्या दिवशीच उभा राहिला होता, बांबूचा आणि पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्यांचा, थोडा वाकडा पण उभा. त्यावर चहा सोडून उठलेल्या दोघा मित्रांनी मातीचा लेप द्यायला घेतला होता आणि लेपाचा मोठा पोपडा सुटून सरांच्या बुटावर पडला होता. सर पाठ सांभाळत बूट झटकत होते. मी ती भिंत पाहिली आणि आमचं गाडं पुढे कसं ढकलायचं ते मला कळलं.

गिरजाबाईंच्या ओसरीत

संध्याकाळी मी एकटीच त्यांच्या घरी गेले. पुढच्या खोलीत कमरेएवढा कापसाचा ढीग. चुलीपाशी अर्चना ज्वारीची भाकरी थापत होती. आमच्याकडची भाकरी पातळ, ही जाड आणि ताटाएवढी. गिरजाबाई सकाळचा आमचा कापूस मांडीवर घेऊन त्यातली पानं काढत बसल्या होत्या. आमच्या कापसात पानच जास्त होतं.

"या," एवढंच म्हणाल्या.

"मावशी, मी काही द्यायला आले नाही," मी म्हणाले. "मागायला आलेय. शाळेतल्या पोरांसाठी जेवायला आडोसा करतोय. भिंत लिंपता येत नाही आम्हाला, माती टिकत नाही. तुम्ही आमच्या इर्जिकीला याल का?"

त्यांचे हात थांबले. "कोनाची इर्जिक?"

"आमची. आम्ही सहा जणांची. जेवायला घालू, खिचडी येते आम्हाला."

अर्चना चुलीकडे तोंड करून खिदळली. गिरजाबाई हसल्या नाहीत, पण कापूस बाजूला ठेवला.  "आन मंग मी बलावलं का तुमी येसान."

"येणारच."

"तोल बसत नाई," त्या म्हणाल्या. "तुमची भिंत एका सकाळीची. माहा कापूस चार रोजचा, तुमच्या हातानं तं पाच रोजचा."

मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनीच पुढे सांगितलं. "पेरनीले मी लोकायकडं गेली होती. त्यायच्याकडं माहे दिवस निघतात. येचनीले बलावता येत नाई, ज्याचं त्याले पडलं हाय. पन सकाळी दव उतरेपरयंत समद्या बाया मोकळ्याच राह्यतात. त्यायले शाळेत आनतो. मंग बसन तोल."

"पण मावशी, मग तुमचे दिवस संपतील. पुढे तुम्हाला लागले तर?"

"संपू दे." त्यांनी अर्चनाकडे पाहिलं नाही, पण मला कळलं.

अर्चना मला दारापर्यंत सोडायला आली. "ताई, परीक्षेच्या शाळेत जागा भेटली तं मी तिकडंच राहीन ना?"

"हो. सुट्टीत येशील."

"मंग माह्या जागी कोन येचन?"

"आत्ता आम्ही आहोत की."

"पुढच्या साली?"

"पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू," मी म्हणाले. मोठी माणसं असं बोलतात तेव्हा लहानपणी माझं डोकं फिरायचं. अर्चनाचंही फिरलं असणार. ती आत गेली.

भिंत

दुसऱ्या सकाळी धुकं होतं. शाळेच्या पटांगणात बायका एकामागून एक आल्या, कुणी पाटी घेऊन, कुणी शेणाचा हारा घेऊन. गिरजाबाईंनी आल्या आल्या सांगाडा हलवून पाहिला, "मेला वाकडा हाय, पन पडत नाई," असा निकाल दिला आणि माती, शेण, भुसा कालवायला घेतलं. ओंकारला चिखल तुडवायला उतरवलं. तो थंडीने हळूहळू पाय टाकत होता, तर एक म्हातारी म्हणाली, "पायाले मेंदी लावली काय रे बापू? दाब ना." त्यानंतर तो इतका जोरात नाचला की चिखल सरांपर्यंत गेला.

ऊन डोंगरावर येईपर्यंत भिंत आतून बाहेरून लिंपून झाली. बायकांच्या बोटांच्या अर्धगोल खुणा सगळ्या भिंतीवर उमटल्या होत्या. आम्ही रंगाचे डबे आणले होते, पण त्या भिंतीला रंग द्यायचं कुणी नावसुद्धा काढलं नाही. खिचडी थोडी लागली होती. बायकांनी ती खाल्ली, आमची थट्टा केली, आणि दव उतरल्याबरोबर आपापल्या कापसाकडे निघाल्या.

त्याच संध्याकाळी गिरजाबाई शाळेत आल्या. धुतलेलं लुगडं, ताजं कुंकू. आमची नावं त्यांनी अर्चनाकडून पाठ करून घेतली होती. एकेकासमोर उभं राहून नाव घेतलं, सुरुवात माझ्यापासून. "स्नेहलबाई, उद्या माही इर्जिक हाय. दव उतरल्यावर येजा." "ओंकारभाऊ, उद्या माही इर्जिक हाय." सरांनाही बोलावलं, पाठीसकट. मला आजवर लग्नाच्या पुष्कळ पत्रिका आल्यात, पण असं आमंत्रण कुणी दिलेलं नाही.

वेचणी

पाच जण शेतात आणि ओंकार अर्चनाला घेऊन नव्या आडोशात, अशी वाटणी झाली. गणित आणि इंग्रजी हे तिचे कच्चे विषय. पहिल्या दिवशी संध्याकाळी मी तिला विचारलं, ओंकारसर कसे शिकवतात?

"लय बोलतात. गनित कमी सांगतात."

हे मी ओंकारला शब्दशः कळवलं. दुसऱ्या दिवसापासून तो कमी बोलू लागला. कॉलेजात आम्हाला दोन वर्षांत जे जमलं नव्हतं ते या पोरीने एका दिवसात केलं.

मी गिरजाबाईंच्या शेजारच्या ओळीत असायची. दोन्ही हातांनी वेचायचं, पान येऊ द्यायचं नाही, अर्धं फुटलेलं बोंड ओढायचं नाही. तिसऱ्या दिवसापासून माझा हात बसला, असं मला वाटतं. माझा कापूस पुन्हा निवडायचा त्यांनी बंद केला. बोलणं कामाबरोबर चालायचं. आमच्याकडे हळद कशी शिजवतात हे त्यांनी खोदून खोदून विचारलं. नवऱ्याबद्दल म्हणाल्या, "थ्यायचं ध्यान गाडीवर, माहं जमिनीवर." मी विचारलं, अर्चना शिकली तर काय व्हावं असं वाटतं?

"थे तिले ठाव. शिकली तं चांगलंच." जरा वेळाने म्हणाल्या, "हात लय चालते पोरीचा. माह्याहून जादा येचते."

तेव्हा मी ते लेकीचं कौतुक म्हणून ऐकलं.

दुपारी शेतातच जेवण. भाकरी, अंबाडीची भाजी, ठेचा. ठेच्याने आमच्यातल्या दोघांना रडवलं. साताऱ्याची मिरची खाल्लेली मी मात्र ताठ बसून राहिले आणि नंतर विहिरीवर जाऊन गुपचूप पाणी प्यायले. जवळचा प्रसिद्ध धबधबा बघायचं आमचं ठरलं होतं, ते राहूनच गेलं. ओंकार रोज एकदा धबधब्याचं नाव काढी आणि रोज आभाळाकडे बघे.

आभाळाने आम्हाला छळलं. रोज दुपारी ढग यायचे, काळे व्हायचे, सगळ्या शिवारातले हात भराभर चालायला लागायचे. शनिवारी दुपारी शेवटची ओळ संपली तेव्हा गार वारा सुटला होता. आम्ही कापूस डोक्यावर घेऊन पळतच गावात आलो. ओसरीत टाकला, दारं लावली आणि पावसाची वाट बघत बसलो. एक थेंब पडला नाही. ढग आले तसे मंचेरियलच्या दिशेने निघून गेले.

"तिकडं अर्चनाच्या बापाच्या गाडीवर पडन," गिरजाबाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदा मोकळ्या हसल्या.

इर्जिकीचं जेवण त्याच दिवशी, बांधावर. रोडगे. गव्हाच्या जाड्या पिठाचे गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, राख झटकायची, फोडायचे आणि वरून तूप. सोबत वरण आणि वांग्याची भाजी. मी मोजून जेवणारी मुलगी नाही, तरी त्या दिवशीचं जेवण अती झालं. सरही दोन रोडगे जेवले आणि पाठ दुखत नसल्याचं म्हणाले.

उटनूर

रविवारी पहाटेच्या बसने मॅडम, गिरजाबाई, अर्चना, ओंकार आणि मी. रस्ता जंगलातून. सागाची पानं वाळून रस्त्यावर पडलेली, मधेच एखादं गाव, बांबूच्या कुंपणातलं. अर्चना खिडकीशी बसून ओठ हलवत होती. ओंकारने तिला शेवटचं काहीतरी सांगायला तोंड उघडलं, मी त्याला कोपराने ढोसलं.

परीक्षेच्या शाळेबाहेर आईबापांची गर्दी. तेलुगू, गोंडी, मराठी, सगळ्या भाषांत एकच काळजी चाललेली. अर्चना आत गेली. गिरजाबाई भिंतीशी बसल्या, भाकरीचं गाठोडं मांडीवर. त्यांचे हात रिकामे असे मी पहिल्यांदाच पाहत होते. त्यांना ते कुठे ठेवावेत हे कळत नव्हतं.

अर्चना बाहेर आली ती सरळ ओंकारसमोर. "तीन गनितं नाई आली. बाकी आली."

"कुठली तीन?"

तिने सांगितली. त्यातलं एक ओंकारने दोनदा शिकवलेलं. त्याचा चेहरा इतका पडला की अर्चनाच त्याला म्हणाली, "जाऊ द्या सर. होते असं." गिरजाबाईंनी फक्त विचारलं, "भाकर खातं काय?" आणि गाठोडं सोडलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही परतलो. कॉलेजात दोन्ही गटांचा कार्यक्रम झाला. नेपाळवाल्यांनी बर्फ दाखवला, आम्ही भिंत दाखवली. प्राचार्य आमच्या सेवेबद्दल भरभरून बोलले. 'सेवा' शब्द आला की ओंकार आणि मी एकमेकांकडे बघत नव्हतो.

उन्हाळ्यात मॅडमचा फोन आला, अर्चनाला जागा मिळाली. मी वसतिगृहाच्या जिन्यावर उड्या मारल्या. जूनमध्ये ती गेली. मॅडमनी फोटो पाठवला, गणवेशातली अर्चना, तशाच दोन वेण्या. मी तो सगळ्यांना दाखवला. ही गोष्ट इथे पूर्ण झाली असंच मला वाटत होतं.

मग या आठवड्यात दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"स्नेहलबाई, मी वडगावची गिरजा बोलून राह्यली. कापूस फुटला. सोमवारपासून माही इर्जिक हाय. येता काय?"

 मी आधी विचारलं, अर्चना कशी आहे?

"बरी हाय. काल फोन केला होता तिनं. म्हने, माय, आठ रोजाची सुट्टी काढून येचाले येतो. मी म्हनलं, येशीन तं घरात घेनार नाई."  मागे कुठेतरी बैलाची घंटा वाजत होती. "तिले बलावाचं नाई, म्हून तुमाले बलावून राह्यली. तुमची फेड मले आता जमनार नाई, लोकायकडचे माहे दिवस संपले. फेडीचं मंग पाहू."

ज्या बाईने माझ्या हातातला फुकटचा कापूस बांधावर उतरवून घेतला होता, ती आज माझ्याकडे उधार मागत होती. माझे डोळे भरून आले. आम्ही वेचला तो काही दिवसांचा कापूस, आणि या बाईने आपल्या शेतातला सगळ्यात चलाख हात कायमचा देऊन टाकला होता.

"येते मावशी," मी म्हणाले.

"ओंकारभाऊले बी सांगा. मी नाव घेऊन बलावलं म्हना," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.